संग्रह आणि संहिता: जुनी मासिके, चित्रकार्डे आणि मराठी वाङ्मयेतिहास

१

मराठीत 'रद्दी' हा शब्द जितका सहज वापरला जातो तितका त्याच्या अर्थाचा विचार होत नाही. 'रद्द' या अरबी शब्दापासून तो आला आहे, आणि परत केलेले, नाकारलेले असा त्याचा मूळ आशय आहे. वाचून झालेले नियतकालिक रद्दीत जाते तेव्हा ते वाचनव्यवहारातून नाकारले जाते. यापुढे त्याचे मोल मजकुरावर नव्हे, तर वजनावर ठरते. ग्रंथाच्या वाट्याला सहसा हे येत नाही, कारण तो जपून ठेवण्याच्या उद्देशानेच छापलेला असतो. नियतकालिकाचे आयुष्य मात्र पुढचा अंक येईपर्यंतचे. जुनी मासिके आणि जुनी चित्रकार्डे गोळा करणारा संग्राहक या नकाराच्या विरोधात उभा असतो. म्हणून त्याचा छंद हा केवळ हौसेचा विषय ठरत नाही. वाङ्मयेतिहासाची साधने कशी घडतात, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम नाही. केशवसुतांच्या (१८६६-१९०५) हयातीत त्यांच्या कवितेचा एकही संग्रह प्रसिद्ध झाला नाही. त्यांच्या समकालीनांना 'केशवसुत' नावाचे पुस्तक ठाऊकच नव्हते. त्यांना ठाऊक होती ती 'काव्यरत्नावली', 'करमणूक', 'मनोरंजन' यांच्या पानांवर, इतर मजकुराच्या शेजारी विखुरलेली कविता. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमश: वाचकांसमोर आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' आज एक जाडजूड ग्रंथ म्हणून अभ्यासली जाते. प्रत्यक्षात ती जानेवारी १८७४ पासून निघालेल्या ८४ मासिक अंकांची माला होती, आणि तीमधील निबंध अंकाअंकांतून पुढे सरकत असत. यमूच्या कहाणीचा एकेक तुकडा वाचून पुढच्या आठवड्याची वाट पाहणारा वाचक आणि ती कादंबरी दोन बैठकांत संपवणारा आजचा विद्यार्थी हे एकाच संहितेचे वाचक आहेत, असे म्हणणे सोपे नाही. प्रतीक्षा हा पहिल्या वाचकाच्या अनुभवाचा घटक होता, आणि ग्रंथरूपात तो उरत नाही.

मराठी वाङ्मयेतिहास मात्र प्राय: ग्रंथांच्या आधारे लिहिला गेला. नियतकालिकांचा विचार त्यात होतो तो बहुधा स्वतंत्र प्रकरणात, संपादक, धोरण आणि हयातीची वर्षे एवढ्या तपशिलापुरता. एखादा अंक ही स्वत: एक वाङ्मयीन रचना असते, तिच्यात कविता, कथा, संपादकीय, चित्र आणि जाहिरात यांचे परस्परसंबंध अर्थ निर्माण करतात, ही जाणीव अपवादानेच दिसते. या उणिवेचे कारण केवळ समीक्षकांच्या दृष्टीत शोधून भागणार नाही. त्यांच्यासमोर जी साधने आली ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या रूपात राखली, हेही तपासावे लागते. ही साधने प्रामुख्याने तीन हातांनी राखली: राज्यसंस्थेच्या, ग्रंथालयाच्या आणि खाजगी संग्राहकाच्या.

२

छापील मजकुराचा पहिला पद्धतशीर संग्राहक वसाहतवादी राज्य हा होता. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तकनोंदणीविषयक कायद्याने प्रकाशित पुस्तकांच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले, आणि प्रत्येक प्रांतातून त्रैमासिक याद्या निघू लागल्या. शीर्षक, भाषा, लेखक, पृष्ठसंख्या, आकार, प्रतींची संख्या, किंमत असा तपशील या याद्यांत असे. देशी भाषांत काय छापले जात आहे यावर लक्ष ठेवणे हा त्यामागील एक स्पष्ट हेतू होता. आजच्या संशोधकाला मात्र त्याच नोंदी वाचनसंस्कृतीच्या इतिहासाचे अमोल साधन वाटतात. एखाद्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे बहुतेक प्रकाशकांच्या दप्तरांतून कळत नाही. ते कळते ते पाळत ठेवणाऱ्याच्या यादीतून. येथे जतनाचा हेतू आणि जतनाचे फलित यांत अंतर आहे, आणि साधनांचा विचार करताना हे अंतर विसरता येत नाही.

दुसरा हात ग्रंथालयाचा. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांनी मराठी छापील वारसा टिकवला नसता, तर त्याविषयी आज बोलणेही शक्य झाले नसते. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या कालखंडाची 'मराठी ग्रंथसूची' १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागे एका व्यक्तीचे प्रचंड परिश्रम होते, तसेच असे संग्रहही होते. परंतु ग्रंथालयाचा निकष उपयुक्ततेचा असतो. तेथे जागा मर्यादित, बांधणीचा खर्च मोठा, आणि वाचक येतो तो 'मजकूर' मागत. साहजिकच बारा अंकांचा एक खंड बांधताना सुट्या अंकांची मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. अनेक मासिके वर्षभराच्या अंकांना सलग पृष्ठांक देत आणि वर्षाअखेर एकत्र अनुक्रमणिका छापत. म्हणजे आपले क्षणिक अंक पुढे ग्रंथ व्हावेत ही आकांक्षा खुद्द नियतकालिकांच्या रचनेतच होती. मुखपृष्ठ आणि जाहिराती यांना या सलग पृष्ठांकात बहुधा स्थान नसे. बांधणी करणाऱ्याने ती पाने काढली तेव्हा त्याने संपादकाचीच सूचना अमलात आणली, असेही म्हणता येईल.

वरकरणी तांत्रिक वाटणारी ही कृती वस्तुत: समीक्षेची कृती आहे. साहित्य कोणते आणि साहित्याबाहेरचे काय, याचा निवाडा तिने केला. तो निवाडा कोठेही लिहिला गेला नाही, म्हणूनच त्याला कोणी आव्हान दिले नाही. पुढील पिढ्यांतील अभ्यासकांना जे खंड मिळाले त्यांत अंकाच्या सीमारेषा पुसट झाल्या होत्या. कोणती कविता कोणत्या लेखासमोर होती हे दिसत होते. पण तो अंक हातात घेणाऱ्याला प्रथम काय दिसले, तो कोणाला विकला जात होता, त्याच्या वाचकाकडून कोणत्या वस्तूंच्या खरेदीची अपेक्षा होती, हे दिसत नव्हते.

३

या पार्श्वभूमीवर तिसऱ्या हाताचे, छांदिष्ट संग्राहकाचे, महत्त्व ध्यानात येते. त्याला मजकूर हवा असतोच असे नाही. त्याला वस्तू हवी असते, तीही पूर्ण, मूळ रूपात, मुखपृष्ठासह. ग्रंथालयाच्या दृष्टीने जे वर्ज्य तेच त्याच्या दृष्टीने मोलाचे. वाल्टर बेन्यामिनने एडुअर्ड फुक्स या व्यंगचित्रांच्या संग्राहकावर १९३७ मध्ये लिहिलेल्या निबंधात या वृत्तीचे वैचारिक महत्त्व ओळखले होते. लोकप्रिय, बहुप्रसवी, अनेकदा निनावी अशा कलेकडे वळलेला संग्राहक, थोर कलावंत आणि थोर कृती यांच्याभोवती रचलेल्या कलेतिहासाला नकळत छेद देतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. संग्राहकाकडे सिद्धान्त नसतो, पण त्याच्या कपाटात सिद्धान्ताला अडचणीत आणणारा पुरावा असतो.

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. डिकन्सच्या कादंबऱ्या 'पिक्विक पेपर्स'पासून (१८३६-३७) मासिक भागांत प्रसिद्ध होत. प्रत्येक भागाला कागदी वेष्टन असे आणि जाहिरातींची पाने जोडलेली असत. 'ब्लीक हाउस'च्या (१८५२-५३) भागांत तर या पानांना 'ब्लीक हाउस ॲडव्हर्टायझर' असे स्वतंत्र नावच होते. कादंबरी पूर्ण झाली की वाचक भाग बांधून घेत, आणि वेष्टने व जाहिराती फेकल्या जात. पुढे संग्राहकांना मूळ वेष्टनांतील भागांचे वेड लागले. प्रत अस्सल आणि पूर्ण आहे की नाही हे ठरवण्यासाठी कोणत्या भागात कोणती जाहिरात होती याची बारकाईने नोंद होऊ लागली. हॅटन आणि क्लीव्हर यांची १९३३ ची सूची ही या वेडाची परिणती होय. तिचा मूळ उपयोग बाजारातील प्रत पारखण्यासाठी होता. कादंबरीचा उपभोग्य वस्तूंच्या संस्कृतीशी असलेला संबंध तपासू लागलेल्या नंतरच्या अभ्यासकांना मात्र हीच सूची हाताशी आली. जेरार झेनेतने १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ अशा संहितेच्या उंबरठ्यांचा विचार मांडला. जेरोम मॅगनने १९९१ मध्ये शब्दांइतकेच मुद्रित रूपही अर्थ घडवते असे प्रतिपादन केले. या विचाराला लागणारी सामग्री संग्राहकांनी कितीतरी आधी जमवून ठेवली होती.

मराठीत याचे सर्वांत बोलके उदाहरण 'किर्लोस्कर' मासिकाचे आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे नांगर आणि शेतीची अवजारे बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक होते. स्वत: चित्रकार असलेल्या शंकर वासुदेव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ते वाढत गेले. त्याच्या नावातील 'खबर' हा शब्द गळाला, आणि १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. १९३०च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध येथेच प्रसिद्ध झाले. यंत्र, उद्योग, बुद्धिवाद आणि सुधारणा यांचा जो एकजीव सूर या मासिकात ऐकू येतो तो केवळ लेखांतून उमटत नाही. जाहिरात, व्यंगचित्र आणि मुखपृष्ठ हे त्या सुराचे वाहक होते. किंबहुना येथे जाहिरात आधी जन्मली आणि साहित्य तिच्या आश्रयाने वाढले. अशा मासिकाचा जाहिराती वगळून बांधलेला खंड वाचणारा अभ्यासक त्यातील बुद्धिवादाला केवळ एक वैचारिक भूमिका समजेल. त्या बुद्धिवादाचा भौतिक आधार त्याच्या हाती लागणार नाही.

दिवाळी अंकाबाबतही हेच म्हणता येते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, ही नोंद प्रत्येक इतिहासात सापडते. पण दिवाळी अंक हा वाङ्मयप्रकार नसून एक वस्तुप्रकार आहे. तो सणाच्या खरेदीत विकत घेतला जातो, घरात हातोहात फिरतो, त्याचे मुखपृष्ठ दिवाणखान्यात मिरवते. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली'च्या द्वारे मुखपृष्ठाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिचा विचार साहित्याच्या इतिहासात करायचा की चित्रकलेच्या, हा पेच मुळात वस्तूचे तुकडे केल्यामुळे उद्भवतो. अखंड अंक समोर असेल तर तो पेच उरत नाही.

४

असे असले तरी संग्राहकाला वाङ्मयेतिहासाचा तारणहार ठरवणे हा भाबडेपणा ठरेल. त्याचीही निवड असते, आणि तीही तितकीच कठोर असते. हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते चित्रकार्डांच्या संग्रहात.

साधे पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १८७९ मध्ये, पाव आणा किमतीला, सुरू झाले. चित्रकार्डाचा बहर त्यानंतरचा, साधारणपणे १८९० ते १९१४ या काळातला. आरंभीच्या कार्डांची एक बाजू पत्त्यासाठी राखून ठेवलेली होती. संदेश लिहायचा तो चित्राच्या कडेला, कधी चित्रावरच. १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याची बाजू दुभागून अर्धी संदेशासाठी मोकळी केली आणि पाठोपाठ इतर देशांनीही तो प्रघात स्वीकारला. कार्डाचा काळ ठरवण्यासाठी संग्राहक आज हीच खूण वापरतात. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने मात्र या नियमाचा अर्थ अधिक खोल आहे. चित्र आणि हस्ताक्षर पूर्वी एकाच पृष्ठावर जागेसाठी झगडत होते, ते विभक्त झाले. चित्र स्वायत्त झाले, आणि कार्ड पाठवण्याइतकेच जमवण्याजोगे झाले.

या स्वायत्ततेची परिणती बाजारातील मूल्यांत दिसते. सामान्यत: कोरे, न लिहिलेले, कोपरे न झिजलेले कार्ड अधिक मोलाचे मानले जाते. ज्या कार्डाने आपले काम केले, जे कोणी लिहिले, टपालात टाकले, कोणाच्या हाती पडले, ते अनेकदा 'खराब' ठरते. दोम्येच्या शिलामुद्रितांबाबतही असेच घडले. ती 'ल शारिव्हारी' या पॅरिसच्या वृत्तपत्रासाठी काढलेली व्यंगचित्रे. संग्राहकांनी मात्र ज्यांच्या पाठीवर बातम्या छापलेल्या नाहीत अशा कोऱ्या कागदावरील प्रती अधिक मोलाच्या मानल्या. वृत्तपत्रात जन्मलेले चित्र वृत्तपत्रापासून सोडवले की ते 'कला' होते. ग्रंथालयाने मजकुरासाठी चित्र टाकले, संग्राहकाने चित्रासाठी मजकूर टाकला. जुन्या मासिकांतील रंगीत चित्रे आणि मुखपृष्ठे फाडून स्वतंत्रपणे विकण्याचा व्यवहार याच दृष्टीतून चालतो.

मुंबईत या व्यवहाराला आणखी एक परिमाण होते. क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या छायाचित्रकारांनी शहराच्या इमारतींबरोबर भिस्ती, धोबी, आया अशा 'नमुन्यां'ची कार्डे विकली. त्यांवरील मथळे इंग्रजीत असत, आणि चित्रातील माणसाला नाव नसे, केवळ व्यवसाय किंवा जात असे. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील रस्त्यांवरच्या व्यक्तींची रंगीत कार्डे केली. त्यांतील विनोदाचा ग्राहक मुख्यत: साहेब होता. याच धुरंधरांचे कुंचल्याचे काम पुढे 'वीसमी सदी' (१९१६-२०) या मुंबईच्या गुजराती मासिकात देशी वाचकासाठी आले. एकच हात, एकच शहर, परंतु पाहणारा बदलला की चित्राचा अर्थ बदलतो. कार्डांचा संग्रह एका कपाटात आणि मासिकांचा दुसऱ्या कपाटात राहिला, तर हा बदल कोणाच्याच लक्षात येत नाही. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याने देवदेवतांच्या तसबिरींबरोबर कार्डेही छापली, आणि तो छापखाना १९७२ साली आगीत नष्ट झाला. त्याच्या इतिहासाची भिस्त तेव्हापासून विखुरलेल्या प्रतींवर, म्हणजे बव्हंशी संग्राहकांवर आहे. ओमर खान यांचे 'पेपर ज्युवेल्स' (२०१८) हे वसाहतकालीन कार्डांवरील पुस्तकही संग्राहकाच्याच परिश्रमातून सिद्ध झाले.

मलेक अलूलाने १९८१ मध्ये अल्जीरियन स्त्रियांच्या फ्रेंच चित्रकार्डांचा अभ्यास केला तो ही कार्डे जणू पाठवणाऱ्याला परत करण्याच्या भूमिकेतून. त्याच्यावर एक आक्षेपही घेतला गेला: ती चित्रे पुन्हा छापताना अभ्यासक त्याच नजरेची पुनरावृत्ती करत नाही काय? आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर चित्रे लपवण्यात नसून कार्डाची दुसरी बाजू वाचण्यात असावे. आयेचे चित्र असलेल्या कार्डाच्या पाठीवर हवामानाची तक्रार आणि मुलांची खुशाली लिहिलेली असते, तेव्हा वसाहतीची नजर किती निर्विकारपणे रोजच्या व्यवहाराचा भाग झाली होती हे उमगते. 'खराब' ठरलेली बाजूच येथे अधिक बोलकी असते.

५

तात्पर्य, राज्य, ग्रंथालय आणि संग्राहक यांपैकी कोणीही तटस्थ नाही. एकाने नियंत्रणासाठी, दुसऱ्याने उपयोगासाठी, तिसऱ्याने आकर्षणापोटी जपले, आणि प्रत्येकाने काही ना काही टाकून दिले. हे टाकणे ज्याला वाचता येत नाही त्या अभ्यासकाला उरलेलेही नीट वाचता येत नाही. मराठी लघुनियतकालिकांच्या संदर्भात हे विशेष जाणवते. १९५०च्या दशकातील चक्रमुद्रित 'शब्द' किंवा १९६०च्या दशकातील 'असो' यांचे खडबडीत रूप, तुटपुंजे साधन आणि अनियमितता हीच 'सत्यकथे'च्या सुबक पानांना दिलेली वाङ्मयीन प्रत्युत्तरे होती. अशा अंकांचे भवितव्य बहुतांशी मित्रांच्या फडताळांवर अवलंबून राहिले. अंजली नेर्लेकर यांचे 'बॉम्बे मॉडर्न' (२०१६) आणि कॉर्नेल विद्यापीठात उभा राहिलेला मुंबईच्या कवींचा दस्तऐवज-संग्रह यांमुळे हे भौतिक रूप अभ्यासाच्या कक्षेत आले. परंतु त्या सामग्रीचा एक भाग महाराष्ट्राबाहेर स्थिरावला, हेही विसरता येत नाही.

संगणकीय प्रतिमांकनाच्या काळात हा प्रश्न मिटला नाही, उलट निकडीचा झाला. प्रतिमांकन होते ते प्राय: ग्रंथालयातील बांधीव खंडांचे. म्हणजे कोण्या अज्ञात बांधणीकाराने केलेला निवाडा आता कायमचा होतो आणि जगभर पोहोचतो. पडद्यावर दिसणारा खंड पूर्ण भासतो, कारण नसलेल्या पानांची खूण त्यात उरत नाही. अमेरिकन ग्रंथालयांनी सूक्ष्मपटावर घेतलेल्या वृत्तपत्रांच्या मूळ प्रती निकालात काढल्या, त्यावर निकल्सन बेकरने 'डबल फोल्ड' (२००१) मध्ये कोरडे ओढले. ब्रिटिश लायब्ररीने विक्रीस काढलेल्या फायली त्याने १९९९ मध्ये स्वत: विकत घेऊन वाचवल्या, आणि २००४ मध्ये त्या ड्यूक विद्यापीठाकडे गेल्या. एका लेखकाला संग्राहक व्हावे लागले, कारण प्रतिमा मिळाली म्हणजे वस्तू अनावश्यक झाली, असा समज संस्थांनी करून घेतला होता.

मराठीत दोन कामे यातून निष्पन्न होतात. प्रत्येक खंडाचे प्रतिमांकन करताना त्यात काय नाही, कोणती मुखपृष्ठे आणि कोणती पाने गहाळ आहेत, याची नोंद सूचीकाराने करावी. आणि खाजगी संग्रहांतील अखंड अंक त्या खंडांशी ताडून पाहावेत. दात्यांनी ग्रंथांची सूची केली. अंकांची, त्यांच्या कव्हरांसकट आणि जाहिरातींसकट, वर्णनात्मक सूची होणे बाकी आहे. तिच्यासाठी संस्थेची शिस्त हवी तशी संग्राहकाची आसक्तीही हवी. संग्राहक आज वयोवृद्ध होत आहेत आणि त्यांच्या घरांतील जागा आक्रसत आहे. एका पिढीने निगुतीने जपलेला संग्रह पुढच्या पिढीच्या हाती वजनावर विकला जाण्याची शक्यता केवळ कल्पित नाही. केशवसुतांची कविता ज्या अंकात पहिल्यांदा छापली गेली तो अंक मुखपृष्ठासह पाहता येणे ही ऐष नव्हे. तिच्या पहिल्या वाचकाच्या जवळ जाण्याची ती पूर्वअट आहे, आणि असा अंक रद्दीत गेल्यावर ती कोणत्याही सिद्धान्ताने भरून काढता येणार नाही.